ब्रेक किती दिवसांचा?

रश्मी ओव्हाळ बी.कॉम. झाली आणि एकाच आठवड्यात चिखलीतल्या तिच्या घरी दोन कागद आले. एक ताथवड्याच्या कॉलेजचा, एमबीएला जागा मिळाल्याचा. दुसरा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचा, अकाउंट्स खात्यात ट्रेनी म्हणून घेतल्याचा. दोन्हीकडे शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

रश्मीला नोकरी हवी होती. उन्हाळ्यात दोन महिने तिने त्याच खात्यात काम केलं होतं. ऑर्डर, माल आल्याची पावती आणि पुरवठादाराचं बिल शेजारी शेजारी ठेवून ताडायचं, नाही जुळलं तर थेट स्टोअरमध्ये जाऊन खोकी उघडायची. एकदा चारशे नगांच्या बिलात तीनशे साठच नग भरले. ते तिने पकडलं, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता.

तिची आई विजयश्री बी.ए. झालेली, कोणताही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी. कंपनीच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर तिला ‘सहा महिने प्रोबेशन’ दिसलं.

या घरात असल्या महिन्यांचा अर्थ एकच होता. रश्मीचे वडील साहेबराव अकरा वर्षं कारखान्यात टेम्पररी होते. सात महिने भरत आले की ब्रेक. गळ्यातलं कार्ड गेटवर जमा करायचं आणि पुन्हा बोलावणं येईपर्यंत घरी बसायचं. त्या वर्षांत नवरा संध्याकाळी दारात आला की विजयश्री आधी त्याचा गळा बघायची.

“एमबीएच कर,” ती रश्मीला म्हणाली. “डिग्री हातात असली की कुणी ब्रेक देणार नाही.”

“आई, प्रोबेशन म्हणजे ब्रेक नाही गं.”

“तुझ्या पप्पांनाही असंच गोड बोलून घ्यायचे.”

“माझ्याशी कोण गोड बोललं?” साहेबराव बशीतला चहा फुंकत म्हणाले. “‘उद्यापासून ये’, एवढंच म्हणायचे राव.”

गुरुवारी रश्मी आंघोळीला गेल्यावर विजयश्रीने पत्रावरच्या नंबरला स्पीकरवर फोन लावला. पलीकडे एचआरचा प्रीतम म्हणून कुणी होता.

“नमस्कार, मी रश्मी ओव्हाळची आई. सहा महिन्यांनंतर ब्रेक किती दिवसांचा असतो?”

“ब्रेक?” तो गोंधळला. “मॅडम, ब्रेक रोजच असतो. जेवणाचा अर्धा तास, चहाची दहा मिनिटं.”

“तो नाही हो. कार्ड काढून घेऊन घरी बसवतात, तो.”

आता तो आवाज खाली आणून म्हणाला, “नाही मॅडम, या पोस्टला तसं नाही. सहा महिने काम बघतात, मग कन्फर्म करतात. एमबीए करून येतात त्यांनाही हेच सहा महिने.”

रश्मी ओले केस पुसत मागे येऊन उभी होती. “आई! उद्या त्याच माणसासमोर जायचंय मला!” ती चिडली, आणि मग तिला हसू आवरेना. “जेवणाचा अर्धा तास म्हणे.”

विजयश्रीला हसू आलं नाही. “एमबीएवाल्यांनाही तेच,” ती पुटपुटली. “मग ती दोन वर्षं कशाला?”

“शिकायला. जाईन ना मी पुढे. आधी काम काय असतं ते कळू दे, मग वर्गात काय सांगतात ते डोक्यात शिरेल.”

“बरं, जा,” विजयश्री पत्राची घडी घालत म्हणाली. “पण रोज कार्ड घालूनच घरी यायचं.”

सहा महिने रश्मीने ते पाळलं. शेवटच्या संध्याकाळी ती आली तेव्हा विजयश्री भाकरी भाजत होती. तिने नेहमीप्रमाणे मान वर केली. लेकीचा गळा मोकळा होता.

“कार्ड?”

“जमा केलं,” रश्मी चपला काढत म्हणाली, आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने पुढे बोलली, “अगं, त्याच्यावर ट्रेनी लिहिलेलं होतं! कन्फर्म झाले मी. नवीन उद्या मिळणार.”

तव्यावरची भाकरी जळाली होती. साहेबरावांनी उठून ती उलटली.

“उद्या आणलंस की आधी हिच्याच गळ्यात घाल,” ते म्हणाले. “म्हणजे झोपेल तरी.”