शोकेसमधली कपबशी

मंडळी, आज दुपारी इथे दुबईत, जेएलटीतल्या एका टॉवरमध्ये आमच्या फिल्म ग्रुपने सोव्हिएत काळाच्या अखेरचा एक चक्रम सिनेमा लावला होता. एक कारकून संध्याकाळी घरी येतो, तर बायको-मुलं त्याला पाहुणा समजून "बसा ना" म्हणतात. तक्रार करायला तो सरकारी ऑफिसात जातो, तर तिथला साहेबही उठून त्याचा पाहुणचार करतो! आम्ही हसून हसून लोळत होतो.

माझ्या शेजारी अजमानचे सावंतकाका बसले होते. बायको-मुलं कुडाळला, हे आयुष्यभर इथे एकटे. ते काही हसेनात.

"काय झालं, काका?"

"मी सुट्टीला गेलो ना, की घरात सगळे स्टीलच्या पेल्यातून चहा पितात. मला मात्र शोकेसमधली कपबशी."

"अहो, आता पुढच्या महिन्यात कायमचेच चाललात की!"

"हो, नोकरी खलास. काल हिला फोनवर तेच सांगितलं. आनंद झाला तिला. आणि मग सवयीने विचारलंन, परतीचं तिकीट कधीचं?"

पडद्यावर कारकून स्वतःच्याच दाराची बेल वाजवत होता. सगळे हसत होते. मला ते हसणं ऐकवेना.

इथल्या सगळ्यांना विचारते, खरं सांगा. सुट्टीत घरी गेलात की तुम्हाला चहा कशात मिळतो?