कुरडयांसाठी जॉयस्टिक

यंदाच्या कुरडया आई कुणाच्या गच्चीवर घालणार, हा प्रश्न फेब्रुवारीतच उभा राहिला. एरवी आई सहा महिने माझ्याकडे आणि सहा महिने मुकुंदवाडीला धाकट्या भावाकडे असते. त्याची यादी फ्रिजवर लावलेली आहे आणि सगळे ती पाळतात. पण यंदा मुक्काम बदलायचा दिवस नेमका कुरडयांच्या आठवड्यात येत होता.

ही साधी गोष्ट नव्हती. मागच्या वर्षी आई गावाला असताना मी तिच्या कृतीची यादी केली आणि एकही पायरी न गाळता कुरडया केल्या. तेलात टाकल्यावर त्यांचा भुगा झाला. भावजयीच्या तर सोऱ्यातून बाहेरच आल्या नाहीत. गव्हाचा चीक कधी शिजला, हे फक्त आईच्या हाताला कळतं.

"तुमचं तुम्ही ठरवा," आई म्हणाली. "पण भांडू नका बरं."

"भांडत नाय आई, खेळून ठरवतो," भाऊ म्हणाला. "ताई, फायटिंग गेम. पाचात तीन. हाय का हिंमत?"

हिंमत त्याला असणारच. आमच्या लहानपणी गल्लीतल्या सलूनमध्ये व्हिडिओ गेमचं एक मशीन होतं आणि हा त्या मशीनचा राजा होता. शाळा सुटली की तो आत खेळायचा. मी दाराबाहेरच्या बाकावर बसून त्याच्या चाली वहीत उतरवायची, कारण कुणीतरी त्या उतरवायला हव्याच होत्या. ती वही अजून माझ्याकडे आहे. माझा मुलगा पुण्याला शिकायला गेला, त्याचा गेमचा कन्सोल घरीच आहे, तेव्हा टीव्हीपुढे बसायची सोय होती.

"पण ते हातातलं रिमोट नको," भाऊ म्हणाला. "अंगठे दुखतात. मशीनवर असायचा तसला दांडा पाहिजे."

मी तयारी अंगावर घेतली. सुट्या भागांचे दोन संच मागवले: प्रत्येकी एक दांडा, सहा बटणं, वायरी आणि जोडणीचा कागद. इंटरनेटवर चित्रं बघत बसले नाही, वहीत मशीनचं चित्र होतंच. त्यावरून दांडा आणि बटणं बसवायच्या लाकडी खोक्याचा नकाशा काढला आणि मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या सुतारकाकांकडे दिला. त्यांनी नकाशा फिरवून फिरवून पाहिला.

"मॅडम, दांडा इधरीच बिठाना ना? पक्का?"

"पक्का. नकाशा मी स्वतः काढलाय."

"मग ठीक हाय. बाद में बोलू नका."

दोन्ही खोकी तंतोतंत सारखी झाली. खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, म्हणजे मांडीवरून सरकत नाहीत. मग तीन आठवडे रोज ऑफिसातून आल्यावर अर्धा तास सराव. आमचे हे टीव्हीवरच्या बातम्यांना मुकले आणि वहीतून मोठ्यानं चाली वाचून दाखवू लागले. "खाली, पुढं, बुक्की. अगं बुक्की म्हटलं, लाथ नाही!"

ठरल्या रविवारी दुपारी भाऊ आला. मी नियमांचा कागद भिंतीला लावला होता. पहिला नियम: दोघांना सारखं सामान. आई पंच म्हणून पलंगावर बसली.

भावानं खोकं मांडीवर घेतलं, दोन्ही हात ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. "ताई, हा दांडा उजवीकडं का गं?"

"मग कुठं असतो?"

"डावीकडं! दांडा डाव्या हातात, बटणं उजव्या!"

"उगं कारणं सांगू नको," आई म्हणाली. "उजव्याच हातात असणार की. पळी काय डाव्या हातात धरतोस?"

खेळ सुरू झाला. त्याचा पहिलवान पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला लाथा मारू लागला. मी खाली, पुढं, बुक्की केलं. एक डाव माझा. दुसराही माझाच.

तिसऱ्या डावाला भावानं खोकं उलटं फिरवलं. आता दांडा डावीकडं आला खरा, पण सगळ्या दिशाही फिरल्या. उडी मारायला गेला की त्याचा पहिलवान खाली बसायचा.

"त्याला काय झालंय?" आईनं विचारलं. "जेवला नाय का?"

तीन शून्य.

"ताई, फशिवलंस तू मला," भाऊ म्हणाला. "कुणी सांगितलं तुला दांडा उजवीकडं असतो म्हणून?"

मी वही आणून त्याच्यापुढे ठेवली. चित्र स्वच्छ होतं, दांडा उजवीकडंच. त्यानं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम खोकला येईपर्यंत हसत सुटला.

"अगं, तू बाहेर बाकावर बसायचीस! मशीन होतं दाराआड, भिंतीला लागून. तुला दिसायचं ते सलूनच्या आरशात!"

ज्या वहीवर मी इतका भरवसा ठेवला, तिचं पहिलंच पान उलटं निघालं होतं. नियमानं वागायचं तर सामना रद्द करायला हवा होता. तसं मी म्हणालेही. सुतारकाकांकडून भोकं बदलून आणते, पुन्हा खेळू.

"काय नको," आई म्हणाली. "दोघांचं सामान सारखं होतं का? व्हय. मग झालं. गहू भिजवायला घे."

आई माझ्याकडे राहिली. गहू तीन दिवस भिजले, चौथ्या दिवशी वाटले आणि पाचव्या दिवशी सकाळी आईनं चीक शिजवायला घेतला. पातेल्याखालचा गॅस बंद झाला आणि दारावरची बेल वाजली. दारात भाऊ, काखेत त्याचं खोकं.

"उजव्या हाताची सवय करायला आलोय," तो म्हणाला आणि थेट स्वयंपाकघरात गेला. आईनं त्याला वाटीभर गरम चीक दिला, वर तूप घातलं. मग दुसरी वाटी दिली. सरावाला तो सलग चार दिवस आला आणि आम्ही चार दिवस थोडा थोडा चीक शिजवला. खोकं एकदाही टीव्हीला जोडलं नाही.

कुरडया छान झाल्या, तळल्यावर ताटाएवढ्या फुलतात. फक्त गव्हाच्या मानानं फारच थोड्या भरल्या. पुढच्या वर्षीच्या नियमांत मी एक नियम वाढवला आहे: हरणाऱ्यानं घरून नाश्ता करून यावं.