गोलमागच्या पायऱ्या

नॉटिंगहॅमला आमच्या परसाच्या भिंतीपलीकडेच फुटबॉल क्लबचं मैदान आहे. क्लब शंभर वर्षांहून जुना. गोलमागच्या, प्रेक्षकांनी उभं राहायच्या काँक्रीटच्या पायऱ्या खाणकामगारांनी सुट्टीच्या दिवशी राबून बांधल्या. मैदान राखणाऱ्या म्हाताऱ्याचा बाप त्यांतलाच. एवढ्या वर्षांत क्लबनं मोठं काही जिंकलं नाही. त्याची लाज म्हाताऱ्याला नव्हती, मलाही नाही.

माझे मिस्टर बस चालवत आणि शनिवारी मॅचला जात. ते वारल्यावर मेंबरशिप मी माझ्या नावावर करून घेतली. सून म्हणाली, "आई, तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं?"

"बॉल जाळ्यात गेला की कळतं," मी म्हटलं.

उन्हाळ्यात मॅच नसतात. तेव्हा त्या पायऱ्यांवर मी कुरडया घालते. पायऱ्या दक्षिणेला तोंड करून आहेत, चांगल्या तापतात. म्हातारा कबुतरं हाकतो. पहिल्या वर्षी त्यानं कुरडई न तळताच चावली आणि दोन दिवस जबडा धरून हिंडला.

दोन हजार सालानंतर नवा चेअरमन आला. त्यानं मेंबरांची मीटिंग बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. मोटरवेजवळ नवं स्टेडियम, काचेच्या खोल्या, पुढं वरची लीग. आमचं मैदान फ्लॅट बांधणाऱ्याला विकायचं. चित्रातली माणसं सगळी तरुण, एकाच्याही हातात पिशवी नाही.

मी उठून मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तिथं बस जाते का?"

"पार्किंग भरपूर आहे, मॅडम."

"मला गाडी चालवता येत नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "हिला नूडल्स वाळवायला जागा हवी." लोक हसले.

"हवीच आहे," मी म्हटलं. "वरच्या लीगला जा. पण इथंच खेळून जा. या पायऱ्या तुम्ही बांधलेल्या नाहीत."

हात वर करायला सांगितलं. विरोधात माझा हात, म्हाताऱ्याचा, आणखी थोडे. आम्ही हरलो. फ्लॅट बांधायला कौन्सिलची परवानगी तेवढी यायची राहिली.

गहू मी आधीच भिजत घातले होते. मीटिंगसाठी ते थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चीक शिजवला आणि पातेलं, सोऱ्या, प्लास्टिकचा कागद घेऊन पायऱ्यांवर गेले.

म्हातारा इथल्या रीतीनं मला "लव्ह" म्हणतो. म्हणाला, "लव्ह, आता कशाला हे? आपण हरलो ना."

"परवानगी आली का?"

"नाही अजून."

"मग त्या कागदाचं टोक धर."

त्यानं धरलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि कबुतरांसाठी काठी आणायला गेला.