तीन किलोमीटरचा पॅच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मध्येच "जाऊ दे गं" म्हणणार नाही.

आमच्या बाळकुमच्या सोसायटीत मला भूकंपवाल्या मॅडम म्हणतात. मीटिंगला गेले की कुणीतरी विचारतंच, मॅडम, आपली बिल्डिंग टिकेल ना? मी काय सांगणार, कप्पाळ? मी बिल्डिंगा तपासत नाही. मी कॉम्प्युटरमध्ये जमिनीतली एक भेग मांडते, तिच्यावर ताण देते, आणि भूकंप कुठून सुरू होऊन कुठवर पळतो ते बघते. लोकांना वाटतं, फार हुशार बाई. वाटत आलंय इतकी वर्षं — आणि मीही वाटू दिलंय.

पण सांगायचंय ते उज्ज्वलाबद्दल. ती डोंबिवलीची. आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. मला प्रोग्रामची एक ओळ धड लिहिता येत नव्हती, तेव्हा हिने शेजारी बसवून शिकवलं. "गधडे, आधी कंस बंद कर" म्हणून ओरडायची, आणि मग स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी पुढे सरकवायची. दोघींची भेग एकच, आकडे तेच. प्रोग्राम मात्र वेगळे — मी सरांचा जुना वापरायचे, तिने स्वतःचा लिहिलेला. दोन्हींची उत्तरं जुळली की दोघींचं काम खरं, असं ठरलेलं.

मोठ्या कॉम्प्युटरवर पाळी लागायची, एका पाळीत मोजकेच प्रयत्न. माझी पाळी संपली तरी माझा भूकंप दर वेळी भेगेच्या वळणापाशी येऊन मरत होता. सरांना तो वळणापलीकडे गेलेला हवा होता, त्यांनी चार लोकांत तसं बोलून ठेवलेलं. मी रडकुंडीला आलेले. उज्ज्वला म्हणाली, माझी पाळी घे.

आता इथे — थांबा, हे नीट सांगायला हवं. कॉम्प्युटरमधला भूकंप आपोआप सुरू होत नाही. भेगेच्या एका तुकड्यावर मुद्दाम जास्तीचा ताण ठेवून पहिला धक्का आपण देतो. त्या तुकड्याला आम्ही पॅच म्हणायचो. तो सुरुवात करण्यापुरताच ठेवायचा. वाजवीपेक्षा मोठा केला, तर वळण असो नाहीतर आणखी काही, भूकंप सगळं ओलांडून जातो. पण तो आपण ढकललेला असतो. आमचा पॅच ठरला होता तीन किलोमीटरचा.

तिच्या पाळीत, शेवटच्या प्रयत्नाला, मी तो सहा केला.

गेला पलीकडे. सर खूश. रिसर्च पेपरात मी तीनच लिहिलं. उज्ज्वलाचा भूकंप मात्र वळणापाशीच थांबत राहिला, तो थांबणारच होता. सर म्हणाले, हिच्या प्रोग्राममध्ये चूक आहे, ती सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तिने मला एकदाच विचारलं. कॅन्टीनमध्ये, चहा ढवळत.

"वैशू, पॅच किती ठेवलेलास गं?"

"तीनच. तुझ्याएवढाच."

झालं. फाइल दाखव म्हणाली असती तर? पण तसं ती म्हणाली नाही. आणि मी — नजरसुद्धा खाली घातली नाही. ज्या पोरीने आपली पाळी मला दिली, तिचा मी केसाने गळा कापला, आणि वर तिच्याच बशीतलं बिस्किट खाल्लं.

वर्षभर ती स्वतःची चूक शोधत होती. मग पीएचडी सोडून दिली. मला न सांगता गेली, फोन घेईना. तर मी तोंड वर करून सगळ्यांना सांगत सुटले — बघा, इतकी जवळची मैत्रीण, एका शब्दाने सांगितलं नाही. दगा झाल्याचा आव कुणी आणला? मी. लोकांनी माझी समजूत घातली, ती मी घालून घेतली.

मागच्या महिन्यात तिचाच फोन आला. डोंबिवलीत अकरावी-बारावीचे क्लास घेते. घर बदलतेय, एकदा येऊन जा म्हणाली. गेले. तिने पोहे केलेले. मुलीला सांगितलं, ही माझी मैत्रीण, खरी हुशार ही होती. मी पोहे खाल्ले. निघताना तिने एक लांब वही हातात ठेवली — तेव्हा चूक शोधताना केलेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद.

"तुझ्या एखाद्या विद्यार्थ्याला दे. माझी चूक काय होती, तेवढं एकदा कळलं तर बरं वाटेल गं."

तेव्हा बोलायला काय झालं होतं मला? ती समोर उभी होती. मी म्हणाले, बघते.

परतताना शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकले, तेव्हा वही उघडली. मधलीच पानं. घर्षण बदलून पाहिलेलं, वळणाचा कोन तपासलेला, ताण पुन्हा पुन्हा मोजलेला. सगळं बरोबर. पॅच तेवढा कुठेच बदललेला नाही. इतकी चिवट मुलगी, आणि हीच एक गोष्ट कशी सोडली? मग पहिलं पान उघडलं. वरच, चौकटीत, तिचं ते टपोरं अक्षर: 'पॅच तीन. वैशूचाही तीनच, तिला विचारलंय. हे परत तपासायचं नाही.'

वही माझ्या कपाटात आहे. कुठल्याच विद्यार्थ्याला दिलेली नाही. परवा तिचा मेसेज आला, सापडलं का काही?

मी लिहिलं, अजून नाही.