मिठागराच्या घरातलं पथ्य

"नेफ्रायटिस," डॉक्टर म्हणाले. माझ्या नवऱ्याचे डोळे सुजून बारीक झाले होते आणि पायाला बोट दाबलं की खड्डा पडत होता. नेफ्रायटिस म्हणजे मूत्रपिंडांना आलेली सूज. लघवी तयार करणारी ही मूत्रपिंडं थकली की पाणी अंगातच साठतं. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी डॉक्टर एवढंच म्हणाले, "पूर्ण विश्रांती. लवण वर्ज्य. पथ्य मोडलंत तर जिवाला धोका आहे."

मी चौथी शिकलेली. लवण म्हणजे मीठ, एवढं कळलं आणि सगळं कळलं असं वाटलं.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं ती. आमचं घर धरमतरच्या खाडीकाठी, मिठागरावर राबणारं. सासूबाईंनी पथ्य उपासासारखं कडक धरलं. भाकरी अळणी, आमटी अळणी. मग लेकाला घास जाईना म्हणून वाण्याकडून सैंधव आणलं. मिठागराच्या घरात विकतचं मीठ! मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "उपासाला चालतं, तं दुखन्याला का न्हाय चालनार?" जोडीला रोज खारवलेला बांगडा. "मासा हाय तो, मीठ न्हाय." मलाही ते पटलं.

सूज चढतच गेली.

इकडे गावानं आपलं वेगळंच रचलं. डॉक्टरनं मीठ बंद केलं, म्हणजे मिठागराच्या पाण्यात उभं राहून मीठ पायातून अंगात चढतं आणि माणूस फुगतो, असं घरोघर बोललं जाऊ लागलं. ऐन हंगामात बायका कामावर यायच्या थांबल्या. शेजारीण तर आमच्या ओट्यावरही बसेना. मला राग यायचा, पण खोटं आहे असं ठासून सांगायला मला तरी काय ठाऊक होतं?

एक दिवस ह्यांना दम लागला, आडवं होता येईना. होडीत घालून पुन्हा तालुक्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी भरती करून घेतलं. दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या तेव्हा डॉक्टर खाटेपाशीच होते. त्यांनी डबा उघडायला लावला, बांगड्याचा तुकडा जिभेवर ठेवला आणि डबा बाजूला सारला. आता ओरडा बसणार म्हणून मी पदर सावरून उभी राहिले.

"चूक माझी," ते म्हणाले. "तुमच्या घरात काय शिजतं, हे मी विचारलंच नाही." मग स्टुलावर बसून सासूबाईंना सांगू लागले, "आजी, सैंधव, खारा मासा, पापड, लोणचं, पोटात गेलं की सगळं मीठच. ह्यातलं काही द्यायचं नाही. आणि मिठात उभं राहून हे दुखणं होत नाही."

"मंग तवाच का न्हाय सांगितलंस, बाबा?" सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले. मला मात्र रडूच आलं. ह्यांच्या ताटात रोज काय पडत होतं, ते तेव्हा उमगलं.

पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली. खरं अळणी जेवण सुरू झालं, तशी लघवी मोकळी झाली, चेहरा ओळखू येऊ लागला. एका रविवारी डॉक्टर आमच्या मिठागरावर आले. विजार गुडघ्यापर्यंत वर घेऊन त्या पाण्यात उभे राहिले आणि जमलेल्या बायकांना तेच सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. राशीतला खडा तोंडात टाकून म्हणाले, "हे मला चालतं. फक्त तुमच्या दादांना सध्या चालत नाही." दुसऱ्या दिवशी बायका कामावर आल्या. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी कुणाला पथ्य सांगितलं, तर आपल्या चुलीवर काय काय चढतं ते डॉक्टरांना सगळं सांगा. लाजू नका. समजलं नाही तर पुन्हा विचारा.

बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरांनी थोडं मीठ द्यायला परवानगी दिली. मी आमटीत जेमतेम चिमूटभर घातलं. ह्यांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खारट झालीय गं," म्हणाले.

जन्म मिठात गेलेला माणूस! मला हसू आवरेना, आणि सासूबाई चुलीकडे तोंड करून डोळे पुसत बसल्या.