उंच फळीवरचा मुलगा

भिवंडीत मी पोहायला शिकवतो. दोन वर्षांपूर्वी जवळच्या शेलार गावचा एक मुलगा सुटीत रोज सकाळी तलावावर यायचा. लष्करी अधिकारी होण्याचं त्याचं प्रशिक्षण चालू होतं. तिथे उंचावरून पाण्यात उडी मारावी लागायची आणि त्याला पाण्याचीच धास्ती. टॉवेलची घडी मात्र इस्त्री केल्यासारखी. काहीही विचारलं की आधी ताठ उत्तर यायचं, मग जरा वेळाने खरं.

"झोप झाली का?"

"हो, सर." मग हळूच, "नाही झाली."

आठ दिवस तो उंच फळीच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरला. नवव्या दिवशी मी खालून ओरडलो, "भीती वाटते का रे?"

"नाही, सर." थोडं थांबून म्हणाला, "खूप वाटते." आणि नाक दाबून त्याने उडी मारली. ठसकत, हसत वर आला.

पुढे तो अधिकारी होऊन सीमेवर गेला आणि तिकडे गोळीबार सुरू झाला. बातम्या लावायचा मला धीर होईना.

गोळीबार थांबल्यावर एका सकाळी त्याची आई तलावाच्या फाटकाशी आली. घाईत अनवाणीच निघाली होती.

"सर, फोन आला त्याचा. बरा हाय. काय झाला न्हाय त्याला."

माझं लक्ष आता पाण्यावर राहणार नव्हतं, म्हणून शिट्टी वाजवून मी सगळ्यांना बाहेर काढलं. त्या बाईंना खुर्ची दिली आणि स्वतः शेजारी ओल्या फरशीवर बसलो.