भिंतीतल्या बारा कड्या

मंगळवार, १४ मार्च. गवंडी साडेआठला आला. भिंतींतल्या बाराही कड्या उपटल्या, भोकं बुजवली. कड्यांना तेल लावून बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. उसना आणलेला पलंग दुपारी आला. लँडी जेवली नाही.

त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. लँडी का जेवली नाही, ते लिहायची मला तेव्हा लाज वाटली. आज लिहिते.

लँडी माझी धाकटी नणंद. तिने लग्न केलं नाही. मेरिदा शहरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, रस्त्याकडच्या खोलीत, ती एकतीस वर्षं दोऱ्यांच्या झोळ्या विणत आली. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातच्या झोळ्यांत वाढली. रात्री विणायची चौकट भिंतीला लावून ती आपली झोळी समोरासमोरच्या भिंतींतल्या दोन कड्यांना टांगायची आणि निजायची. इथे सगळेच तसे निजतात. मीही. फक्त कुणी विचारलं की मी विषय बदलते. नन्सच्या शाळेत आम्हाला लोखंडी खाटेवर, हात पांघरुणाबाहेर ठेवून, सरळ झोपायला शिकवलं होतं. झोळीत वाढलेली मुलगी कोणती, हे सिस्टर पहिल्याच रात्री कंदील घेऊन फिरताना ओळखायच्या. झोळीत निजतात तशी तिरकी निजलेली ती मीच.

यजमान गेले, माझे गुडघे गेले. घर विकून आम्ही दोघींनी कांपेचेला माझ्या मुलीजवळ राहायचं ठरलं. दोघींनी, हे महत्त्वाचं.

घर विकून देणारी यामिली सगळीकडे फिरून म्हणाली, "मावशी, गिऱ्हाईक बाहेरगावचं येणार. या कड्या बघून त्यांना खाटकाचं दुकान आठवेल. पलंग मांडू, उशा ठेवू. आणि घरात दुसरं कुणी राहतंय असं दिसू देऊ नका. लोकांना वाटतं, हे माणूस आता हलायचं नाही."

मी हो म्हटलं. लँडीला विचारलं नाही. तिची चौकट धुण्याच्या दगडामागे गेली, झोळी अंगणात पेरूच्या झाडाला. चार रात्री डासांत काढून ती एवढंच म्हणाली, "वहिनी, पलंगावर नऊ उशा! माणूस निजणार कुठे, उशांखाली?"

मी हसलेसुद्धा.

शनिवारी पहिलं गिऱ्हाईक आलं, ते जवळच्याच कानासीनचं. एक शाळामास्तरीण, तिचा नवरा आणि सासू. मास्तरणीने पलंगाकडे पाहिलंच नाही. बोटाच्या पेराने भिंत ठोकत चालली.

"कड्या कुठायत हो?"

"काढल्या. भिंती स्वच्छ दिसाव्यात म्हणून," यामिली म्हणाली.

"अगं बाई! मग माझी पोरं काय खिळ्यांना टांगू?"

"आता उभ्यानेच निजायचं, सूनबाई," सासू म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारातून लँडी खळखळून हसली. "होत्या हो, बारा होत्या! इथली ही जोडी माझी."

मास्तरणीने वळून विचारलं, "या कोण?"

यामिलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "कामाला येते ती."

घर विकलं जावं म्हणून मी खोटं बोलले, असं पुढे कितीदा तरी मनाशी म्हणून पाहिलं. पण समोरची माणसं आमच्यासारखीच होती, कड्या शोधत आलेली. त्यांच्यापासून लपवण्यासारखं काही नव्हतं. लँडी त्या पांढऱ्या पलंगाशेजारी उभी राहून 'माझी जोडी' म्हणाली, आणि मला सिस्टरचा कंदील तोंडावर आल्यासारखं वाटलं.

लँडी आत गेली. बाहेर आली ती आंबट संत्र्याचं सरबत घेऊन. तबकात पाच पेले होते, सहावा नव्हता. मान खाली घालून तिने विचारलं, "बाईसाहेब, आधी पाहुण्यांना देऊ ना?"

मास्तरणीने घर घेतलं. अट एकच, कड्या होत्या तिथे परत बसवून द्यायच्या.

संध्याकाळी लँडी दोरा गुंडाळत बसली होती. मी म्हटलं, "लँडी, चुकलं माझं."

"कशाबद्दल, बाईसाहेब?"

"असं नको गं बोलू."

तिने गुंडाळी पुरी केली, गाठ मारली. "कांपेचेला माझी जागा धरू नका. तिश्कोकोबला दुसरी भाची बोलावतेय. तिथे घराघरात विणतात. तिथे मी कोण, ते कुणाला सांगावं लागणार नाही."

मुलीला मी फोनवर सांगितलं की आत्याला तिश्कोकोबच जास्त आवडतं. तेही खोटंच.

सोमवार, २७ मार्च. लँडी सकाळी सातच्या गाडीने गेली. इथल्या रिवाजाप्रमाणे सोमवारचं म्हणून घेवडा आणि डुकराचं मांस शिजवलं. गवंडी दुपारी आला. डब्यात दहाच कड्या निघाल्या. रस्त्याकडच्या खोलीसाठी दोन नव्या आणायला सांगितल्या.